सणाचं जेवण, २५ माणसं, साडेतीन बर्नर: आदल्या दिवशी काय करून ठेवायचं आणि काय नाही?

दुधावरची_साय

यंदा सणाचं जेवण आमच्याकडे आहे. एरवी ते मोठ्या जाऊबाईंकडे असतं, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मान माझ्याकडे आला. माणसं २५. त्यात सहा पोरं, दोन मधुमेही, आणि एका भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. तीही साधी नव्हे, इंजेक्शन सोबत घेऊन फिरावं लागतं अशी. शेगडी नावाला चार बर्नरची. त्यातला एक इतका बारीक आहे की त्यावर चहापलीकडे काही होत नाही. फ्रिज एकच, मध्यम. हाताशी मी, नवरा, आणि सकाळी दहानंतर पोचणारी नणंद.

पाककृती नकोत, त्या आहेत. मला क्रम हवाय. माझं म्हणणं असं की आदल्या दिवशी जमेल तेवढं सगळं शिजवून टाकावं आणि त्या दिवशी फक्त गरम करावं. नवऱ्याचं म्हणणं बरोबर उलटं: सगळं ताजं, पहाटे चारला उठू. घरात दोन तट पडलेत. ज्यांनी एवढ्या माणसांचं घरी केलंय त्यांनी सांगा, तुम्ही कशी विभागणी करता?

निवांत_नाना

पहाटे चारला ते उठणार की तुम्ही? आधी हा खुलासा व्हावा, मग पुढचं बोलू.

फोडणीदार

मी उलटीकडून सुरुवात करते. एकला वाढायचं असेल तर बारा ते एक हा तास आधी कागदावर मांडा. प्रत्येक पदार्थापुढे लिहा, या तासात त्याला काय लागणार? बर्नर, हात, की काहीच नाही?

भाताला बर्नर लागतो, हात नाही. रस्सा आधी झालेला असेल तर उकळी आणण्यापुरता बर्नर. तळणाला बर्नरही लागतो आणि एक अख्खं माणूसही, कढई सोडून हलू न शकणारं. थंड खायच्या आणि मुरवायच्या वस्तूंना काहीच नाही. आता बेरीज करा. तुमच्याकडे बर्नर तीन, माणसंही तीन. त्यातलं एक माणूस दार उघडणं, पाणी देणं आणि चपला सरकवणं यात गेलंच समजा. राहिले दोन. तळण ठेवलंत तर एक.

बहुतेक घरांत मेनू जिभेने ठरतो आणि मग बारा वाजता पाच पातेली तीन बर्नरांसाठी खोळंबतात. मेनू बर्नर मोजून ठरवावा. शेवटच्या तासात बर्नर मागणारे पदार्थ तीनच्या वर नकोत आणि हात मागणारा एकच. हे एकदा बसलं की 'आदल्या दिवशी की ताजं' हा वाद आपोआप विरतो. ज्याला शेवटच्या तासात जागा नाही ते आधी करायचं. आधी करून ज्याची चव जाते आणि ज्याला त्या तासात जागाही नाही, ते मेनूतून काढायचं. कितीही आवडीचं असलं तरी.

अर्धाकच्चा

२५ माणसं? सरळ केटररला सांगा. घरी राबराब राबायचं आणि शेवटी 'मीठ जरा कमीच' ऐकायचं, कुणी सांगितलंय?

चुलीपुढची

अर्धाकच्चा, मीठ कमी हे केटररलाही ऐकावं लागतंच, फक्त त्याला त्याचे पैसे मिळतात.

पण निम्मी सहमत आहे. ज्यात घरचा हात कळत नाही ते खुशाल बाहेरून आणावं. अट एकच, त्यांच्या भाच्याची. बाहेरच्या स्वयंपाकघरात कशात काय मिसळलं हे कोणी छातीठोक सांगणार नाही.

प्रयोगवही

माझं पोट अन्नसुरक्षेवर चालतं, म्हणून जरा लांबण लावते. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

आदल्या दिवशी शिजवण्यात काहीच वावगं नाही. घोळ होतो तो शिजवल्यानंतरच्या काही तासांत. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अन्न या पट्ट्यातून जितक्या लवकर पार होईल तितकं बरं. चार जणांचं पातेलं पटकन निवतं. २५ जणांचं, काठोकाठ भरलेलं आणि झाकण घट्ट लावलेलं पातेलं रात्री दहाला उतरवलंत तर वरून गार लागेल, पण पळी खोल घालून बघा, मध्यरात्रीनंतरही आत कोमट असेल. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठं केलं की आत मावणारं अन्न आठपट होतं आणि उष्णता बाहेर जायचा पृष्ठभाग फक्त चौपट. मोठ्या पातेल्याची सगळी अडचण या एका गणितात आहे.

दोन जिवाणूंची नावं सांगते. भात आणि इतर पिष्टमय पदार्थांत बॅसिलस सिरियस. मांसाच्या दाट रश्शात, मोठ्या भांड्यात हळूहळू निवणाऱ्या अन्नात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. दोघांचेही बीजाणू उकळीतून जिवंत बाहेर येतात आणि अन्न कोमट झालं की पुन्हा रुजतात. त्यातही सिरियस भातात उलटी आणणारं जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करून नष्ट होत नाही, प्रेशर कुकरच्या तापमानालाही दाद देत नाही. म्हणून 'सकाळी खदखदून उकळू की' हे उत्तर लागू पडत नाही. जे टाळायचं ते रात्रीच टाळायचं.

तर करायचं काय: शिजल्यावर लगेच उथळ, पसरट भांड्यांत काढा, थर दोन इंचांच्या आत. रस्सा असेल तर पातेलं बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून अधूनमधून ढवळा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. फ्रिज ४ अंशांवर लावा आणि ठासून भरू नका, आत हवा फिरायला फट हवी. सकाळी गरम करताना मधोमध ७४ अंश झाले पाहिजेत. कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. आणि भात आदल्या दिवशी करूच नका. त्याने फार वेळही वाचत नाही.

जुनीखोड

आमच्या आजीकडे फ्रिज नव्हता, थर्मामीटर नव्हता, सिरियस-बिरियस कोणी नव्हतं. घर माणसांनी भरलेलं असायचं. सगळे ठणठणीत.

प्रयोगवही

जुनीखोड, फ्रिज नव्हता म्हणूनच तुमच्या आजी एवढ्या माणसांचं आदल्या रात्री शिजवून ठेवत नसणार. पहाटे चूल पेटवायच्या आणि केलं की वाढायच्या. अन्न त्या ५ ते ६० च्या पट्ट्यात रेंगाळायचंच नाही.

जुनीखोड

म्हणजे आजीच बरोबर होती. मी तेच म्हणत होतो.

मीठमोजके

वरचे दोन मोठे प्रतिसाद कापून फ्रिजवर लावावेत असे आहेत. माझी भर प्रमाणांबद्दल.

पाच जणांच्या कृतीला पाचने गुणलं की २५ जणांचं होतं, हे गणित साहित्याला चालतं. पाण्याला आणि वेळेला चालत नाही. भाताचंच घ्या. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या प्रमाणात असतं, पण वाफेवाटे जातं ते पातेल्याचं तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरतं. एका वाटीला दोन वाट्या पाणी घालता, त्यातलं बरंचसं वाफेचं असतं. दहा वाट्यांना वाफ दहापट जात नाही. तरी पाणी वीस वाट्या घातलं की लगदा होतो आणि दोष तांदळाला जातो. शिवाय खोल पातेल्यात खालचा थर वरच्याच्या ओझ्याने दबतो. एका मोठ्याऐवजी दोन मध्यम पातेल्यांत करा. तांदूळ किती? भातच मुख्य असेल तर माणशी ७५ ग्रॅम कच्चा. सोबत चार पदार्थ असतील तर ६० पुरतो. तुमच्या २५ जणांना दीड किलो झाला, आणि पोरं धरलीत तर तोही उरेल.

कांदा. दोन किलो कांदा एका कढईत कोंबला की तो परतला जात नाही, उकडला जातो. कांद्याचं पाणी आटेपर्यंत कढईतलं तापमान १०० च्या वर सरकत नाही आणि खरपूस रंग यायला १४०च्या आसपास जावं लागतं. कृतीत लिहिलेली 'दहा मिनिटं' विसरा. एवढ्याला तास गृहीत धरा, रुंद भांडं घ्या, दोन हप्त्यांत करा. हे काम आदल्या दिवशीच, किंवा त्याच्याही आधी. परतलेला कांदा गोठवला तरी काही बिघडत नाही. तुमच्या दोन तटांमधला सगळ्यात मोठा वेळ इथेच वाचेल.

तिसरं, आंबट शेवटी. टोमॅटो, चिंच, लिंबू काहीही असो, बटाटा आणि डाळ पूर्ण शिजल्यावरच. आम्लात भाजीचं पेक्टिन सुटत नाही आणि बटाटा तासभर खुटखुटीत राहतो. थोड्या प्रमाणात हे खपून जातं. मोठ्या पातेल्यात मात्र अर्धे तुकडे विरघळतात आणि अर्धे दाताखाली येतात.

फोडणीदार

सगळ्याला अनुमोदन, पण तिखटमीठ पाचपट घालू नका बरं का कोणी. आधी तीनपट घाला, चव बघा, मग वाढवा. घातलेलं काढता येत नाही.

मीठमोजके

फोडणीदारताई, इथे मात्र मतभेद. पाचपट अन्नाला मीठ पाचपटच लागतं, जीभ तीच आहे. गडबड होते ती 'चमचा' या मापात. लहान पातेल्यात चार चिमटी ठीक, मोठ्यात अंदाज चुकतो. वजनकाटा ओट्यावर ठेवा. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण १ टक्का मीठ बहुतेकांना बरोबर लागतं. पाच किलो रश्शाला ५० ग्रॅम. काटा ४०वर थांबवा आणि शेवटचे १० चव बघत घाला.

फोडणीदार

म्हणजे चव बघत घाला. तेच तर मी म्हणाले.

निवांत_नाना

या धाग्यावर सगळे एकच म्हणतायत आणि तरी भांडतायत. घरचं कार्य वाटायला लागलं.

सुगरणीचा_नवरा

एक प्रांत अजून कोणी शिवला नाही, तो म्हणजे नवरे. 'काही मदत करू का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं आपण मदत केली. विचारलं जाणारीला मात्र हातातलं सोडून त्याच्यासाठी काम शोधत बसावं लागतं. आणि तोवर तो बरोब्बर ओटा आणि फ्रिज यांच्या मधोमध उभा असतो.

आमच्याकडे कागद लागतो. कामापुढे नाव, नावापुढे वेळ. माझ्या नावापुढे तळण, पिण्याचं पाणी आणि कचऱ्याची पिशवी. तळणाचं सांगतो, कारण त्यात आता माझा हात बसलाय. तेल १७५ ते १८० अंश. एका वेळी कढईच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून जास्त भरायचं नाही. भरलं की तेल निवतं, वाफेचा जोर कमी पडतो आणि पदार्थ तेलकट होतो. दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू द्यायचं, हीच खरी परीक्षा, कारण मागे पोरं ताटल्या घेऊन उभी असतात. बटाट्यासारखी वस्तू असेल तर सकाळी मंद तेलात, १५०च्या आसपास, रंग न येऊ देता एकदा तळून पसरून ठेवा. वाढायच्या वेळी कडक तेलात दुसऱ्यांदा. शेवटच्या तासातला तळणाचा वेळ निम्म्याच्याही खाली येतो आणि कुरकुरीतपणा उलट जास्त टिकतो. तळलेलं कागदावर रचू नका, जाळीवर पसरा. ढीग केला की खालचे वाफेने मऊ पडतात.

चुलीपुढची

सुगरणीचा_नवरा, छान लिहिलंत, पण एक सांगते. कामं वाटली जातात, लक्ष ठेवणं वाटलं जात नाही. हळद तळाला गेली आहे, पाहुण्यांच्या टॉवेलांना इस्त्री नाही, लहानग्याला तिखट चालत नाही म्हणून अर्धा रस्सा मिरचीआधी बाजूला काढायचा आहे, हे सगळं कोणाच्या डोक्यात चालू असतं? तुमचा तो कागद लिहिला कोणी?

सुगरणीचा_नवरा

मजकूर तिचा. अक्षर माझं.

चुलीपुढची

:ड

पुढच्या वर्षी मजकूरही तुम्ही लिहा, मग मी मानेन.

पहारेकरी_आई

भाच्याच्या ॲलर्जीबद्दल लिहायलाच आले. माझ्या मुलीला हीच आहे.

नुसतं 'त्याच्या भाजीत कूट घातलं नाही' एवढ्याने भागत नाही. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट फिरवला त्यातच चटणी फिरवली, ज्या पळीने ते ढवळलं तीच इकडे आली, ज्या तेलात ते तळलं त्यातच हे तळलं, यातल्या कशानेही त्रास होऊ शकतो. शिजवून, भाजून, तळून तो धोका जात नाही. सोपा मार्ग: त्या दिवशी शेंगदाणा आणि शेंगदाण्याचं तेल घरात आणायचंच नाही. २५ जणांचं त्यावाचून काही अडत नाही.

दुसरं, पाहुणे येताना खोके घेऊन येतात. तुमचं स्वयंपाकघर कितीही चोख असलं तरी एक खोका पोरांच्या हातात फोडला गेला की संपलं. आधीच सगळ्यांना निरोप द्या, आणि आलेले खोके आत उंचावर. ज्यांनी बाहेर काही खाल्लंय त्यांनी साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही आणि नुसत्या पाण्यानेही नाही.

तिसरं, त्याचं ताट सगळ्यात आधी भरा, पळ्यांची अदलाबदल सुरू व्हायच्या आत. पोरगा लाजून बोलणार नाही, म्हणून सगळ्यांदेखत विचारू नका. चार दिवस आधी त्याच्या आईला फोन करा. आणि इंजेक्शन कुठे ठेवलंय हे घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत हवं. पार्किंगमधल्या गाडीत ते असून उपयोग नाही. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं असतं, कपड्यावरूनही चालतं, आणि दिल्यावर बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच. त्याच्या आईकडून एकदा बघून घ्या.

दुधावरची_साय

पहारेकरी_आई, हात जोडले. त्याच्या आईला आत्ताच फोन केला. ती दर वेळी त्याचा डबा घेऊन यायची आणि आम्हाला वाटायचं तिला आमचं आवडत नाही. यंदा म्हणाली, तुझ्याकडे तो सगळ्यांबरोबर जेवेल.

आता आतापर्यंतचं जमवून मेनू ठरवलाय. भात, डाळ, राजम्याचा रस्सा, बटाट्याची सुकी भाजी, एक तळण, सॅलड, एक दुधाचं गोड. आदल्या दिवशी: कांदा परतून, मसाला वाटून, बटाटे उकडून, दुधाचं गोड करून फ्रिजमध्ये. त्या दिवशी: डाळ सकाळी कुकरला, भात शेवटी, तळण नवऱ्याकडे. तो पहाटे चारचा गट तळणावर राजी झाला.

राजम्याची एक कल्पना सुचली. माझ्याकडे स्लो कुकर आहे. रात्रभर भिजवून सकाळी लवकर कच्चाच राजमा मंद आचेवर त्यात लावला तर बर्नरही मोकळा आणि लक्षही द्यायला नको. बरोबर ना?

प्रयोगवही

थांबा, हे करू नका!

कच्च्या राजम्यात फायटोहीमॲग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब आणायला पुरतात. सणसणीत उकळीने ते नष्ट होतं, मंद आचेने नाही. उलट ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेल्या राजम्यात विषारीपणा कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतो असं आढळलंय. स्लो कुकरची मंद आच कित्येकदा तेवढ्यातच घुटमळते. दाणा बोटाने दबतो, शिजल्यासारखा दिसतो आणि मग अख्खं घर आडवं होतं.

किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा, किंवा सरळ प्रेशर कुकरला लावा. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, तिथे हा प्रश्नच मिटतो. पूर्ण शिजल्यावर मग तुमचा रस्सा स्लो कुकरमध्ये गरम ठेवायला खुशाल काढा, त्याला ते यंत्र उत्तम आहे. मात्र काढायचा तो उकळता. गार रस्सा त्यात घालून गरम करायचा नाही, तो त्या ५ ते ६० च्या पट्ट्यात तासन् तास रेंगाळेल.

अर्धाकच्चा

मी केटरर म्हणालो तेव्हा सगळे हसलात.

दुधावरची_साय

बाप रे. बरं झालं विचारलं. कुकर म्हणजे कुकर.

बटाट्यांचं काय? आदल्या दिवशी उकडलेले चालतील ना?

मीठमोजके

बटाटे चालतीलच, किंबहुना सुक्या भाजीला आदल्या दिवशीचेच बरे. फ्रिजमध्ये राहिल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, फोडी कापताना तुटत नाहीत. सालासकट उकडा, सालासकट ठेवा, सकाळी सोला. पण तेही रात्रभर ओट्यावर नकोत. प्रयोगवहींचा नियम बटाट्यालाही आहे.

सॅलडची काकडी-टोमॅटो सकाळी चिरून ठेवा, पण मीठ वाढायच्या पाच मिनिटं आधी. मीठ लागलं की काकडी पाणी सोडते आणि भांड्याच्या तळाशी तळं साचतं. फळं कापायची असतील तर लिंबाचा रस चोळा, काळी पडणार नाहीत. कणिक मळून ठेवणार असाल तर तीही फ्रिजमध्ये काळसर होते, फळासारखीच हवेमुळे. वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकलं की बराच फरक पडतो.

गोडबोले_बिनसाखर

मधुमेहींबद्दल एक शब्द नाही कोणाचा. मी त्यातलाच. सणाच्या जेवणात आमची अडचण गोडाने होत नाही, ते आम्ही टाळतो किंवा चोरून खातो. अडचण वेळेने होते. जेवणाच्या हिशेबाने गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं, आणि एकचं जेवण अडीचला मिळालं की साखर खाली जाते. हात थरथरतात, घाम येतो. बाकीचे म्हणतात अहो बसा, गप्पा मारा. यजमानांनी एवढंच करावं: खरी वेळ सांगावी. 'या एकपर्यंत' म्हणजे जेवण एकला की एकनंतर गप्पा आणि मग जेवण? उशीर होणार असेल तर तसं सांगावं आणि हाताशी काहीतरी खायला ठेवावं.

आणि कृपा करून 'एक खाल्ल्याने काही होत नाही' म्हणू नका. काय होतं ते आम्हाला माहीत असतं.

फोडणीदार

काका, हा मुद्दा पहिल्याच पानावर यायला हवा होता. दुधावरची_साय, दोन मधुमेही आणि सहा पोरं मिळून आठ जणांची पहिली फेरी ठीक एकला बसवा, बाकीचे पोचोत न पोचोत. पोरं जेवली की घरातला अर्धा आवाजही खाली येतो.

उशिरा येणाऱ्यांसाठी दुसऱ्या पातेल्याचा भात १२:४०ला लावायचा नाही. शेवटची गाडी वळणावर आली असा फोन आला की लावायचा. पंचवीस मिनिटांत होतो, तेवढा वेळ त्यांना चपला काढून एकमेकांना भेटण्यात जातोच.

खरकटं_कोण_काढणार

सगळे शिजवण्यावरच बोलतायत. भांडी?

स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी सिंक रिकामं, कचऱ्याची पिशवी नवी, आणि पुसायची फडकी धुतलेली असली पाहिजेत. बारा वाजता सिंक भरलेलं असेल तर हात धुवायला जागा नाही, तांदूळ धुवायला जागा नाही, आणि मग लोक बाथरूममध्ये पातेली घेऊन जातात. एका माणसाने दर अर्ध्या तासाला झालेली भांडी घासून उपडी घालायची, हे पदार्थांइतकंच ठळक त्या कागदावर लिहा. करपलेलं पातेलं घासत बसू नका, पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळी आणा आणि बाजूला ठेवा.

आणि फ्रिज. आदल्या दिवशी तुम्ही उथळ ट्रे घेऊन फ्रिजपाशी जाल आणि आत अर्धी बरणी, सुकलेलं आलं आणि कुणाला आठवत नाही असा डबा बसलेला असेल. तीन दिवस आधी फ्रिज रिकामा करा. त्या आठवड्यात घरात जे आहे तेच खा.

दुधावरची_साय

हा घ्या शेवटचा कागद:

तीन दिवस आधी फ्रिज साफ, खोक्यांचा निरोप. दोन दिवस आधी सामान, कांदा. आदल्या दिवशी मसाला, बटाटे, गोड, राजमा भिजत. रात्री दहानंतर शेगडी बंद, म्हणजे बंदच. त्या दिवशी सकाळी राजमा कुकरला, मग रस्सा उकळून स्लो कुकरमध्ये. मग डाळ, मग सुकी भाजी. नवऱ्याचा पहिला तळणीचा हात साडेअकराला. सॅलड चिरणं आणि भांडी नणंदेकडे (तिला अजून सांगितलेलं नाही). बारा वाजता शेगडीवर फक्त डाळ, भात आणि कढई. भाच्याचं ताट १२:५०.

मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. नवराही हा धागा वाचतोय. आपण अर्धे जिंकलो असं त्याचं म्हणणं आहे. त्याला थर्मामीटर मात्र पटलाय. तळणासाठी कुठला घ्यावा, कोणी सांगेल का?

सुगरणीचा_नवरा

सळईचा, डिजिटल, २०० अंशांच्या वर दाखवणारा घ्या. एकच दोन्हींना चालतो, तळणालाही आणि रस्सा गरम झाला का बघायलाही. तापाचा थर्मामीटर नको, हे सांगायची वेळ आमच्याकडे एका भाऊजींवर आली होती. सळईचं टोक तेलात बुडवा, कढईच्या तळाला टेकवू नका, नाहीतर धातूचं तापमान दाखवेल.

प्रयोगवही

आणि घेतल्यावर एकदा तपासा. पेल्यात बर्फ भरून थोडं पाणी घाला, ढवळा, मिनिटभराने सळई मधोमध धरा. शून्य दाखवला पाहिजे. एखादा अंश इकडेतिकडे चालेल. चार-पाच दाखवत असेल तर दुकानात परत.

दुधावरची_साय

मागवला. नणंदेलाही सांगितलं. ती म्हणाली सॅलड चिरते, भांड्यांचं बघू.